तिन्हीकडे सारखंच

जुन्या संगणकाच्या पंख्यातून तापलेल्या धुळीचा वास आला, की वर्ध्याच्या आमच्या कॉलेजातली ती दुपार आठवते. माझी एक विद्यार्थिनी पीएचडी करत होती. प्रयोगशाळेतला, अल्लीपूरचा आणि वडनेरचा, असे तीन संगणक तिने जोडले होते. एकावर केलेला बदल लगेच तिन्हीकडे होई, अशी पद्धत आम्ही दोघांनी बसवली होती. गावांतलं नेटवर्क कधी तुटतं, कधी जुळतं, याच्या तिच्या सगळ्या नोंदी त्यांवरच होत्या. तिला वेगळी प्रत ठेवायची होती. "तीन जागी आहे ना, चौथी कशाला?" असं मीच म्हणालो होतो. त्या दुपारी जागा करायला म्हणून मी तिच्या नोंदींचं फोल्डर जुनं समजून पुसलं. पडदा पाहून ती ओरडली, "सर, हे काऊन पुसलं?" आणि तिने वडनेरला संगणक सांभाळणाऱ्याला फोन लावला. "भाऊ, नेटची वायर काढा पह्यले!" "काढली ताई, पण इथं तर काईच नाई दिसून राह्यलं." अल्लीपूरलाही तेच. तिने फोन ठेवला. मग हळूच म्हणाली, "आपली पद्धत बरोबर चालते, सर." तिने पीएचडी सोडली. ते संगणक बंद करायला माझा हात अजून धजावत नाही. तिन्ही रोज एकमेकांशी ताळा जुळवतात, आणि तिन्हींवर काहीच नाही.