दिवसा घरात

सदाशिव पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात आम्ही दोघी, आई आणि मी, दोन-तीन वर्षं राहिलो. राहिलो म्हणजे काय, रात्री पेशंटच्या बाकांमधल्या जागेत गादी टाकायची आणि उजाडायच्या आत गुंडाळायची. वडिलांचा कारखाना बंद पडला, ते काम शोधायला म्हणून गेले ते गेलेच, आणि आमची खडकीतली खोली सुटली. आई त्या दवाखान्यात झाडलोट करायची. डॉक्टरांनी मुक्कामाला परवानगी दिली ती एका अटीवर: इथे कुणी झोपतं हे पेशंटला कळता कामा नये. ती अट आईने अशी पाळली की विचारू नका. कपडा दिसायचा नाही, भांडं दिसायचं नाही, फोडणीचं तर नावच नको. केर काढून झाला की ती दिवस बाहेर कुठेतरी काढायची.

पुढे पुण्यात कॉम्प्युटरचं वारं आलं. मला एका ऑफिसात परदेशी डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायचं काम मिळालं आणि आम्ही बिबवेवाडीत भाड्याची खोली घेतली. वर मालकीणबाई, निवृत्त शिक्षिका, खाली आम्ही. मला वाटलं, सुटलो एकदाच्या.

कसलं सुटतोय. आई पहाटेच स्वयंपाक उरकायची, स्टोव्ह पुसून खोक्यात घालायची, दोरीवरचे ओले कपडेसुद्धा काढून ठेवायची. मी ऑफिसला निघाले की तीही कुलूप लावून निघायची. दवाखान्याचं काम तासाभराचं. उरलेला दिवस सारसबागेतल्या बाकावर. संध्याकाळी मी आले की मगच तिचं घरात पाऊल. मी चिडायचे. "अगं, मग भाडं कशाचं भरतो आपण?" ती तिच्या नागपुरी बोलीत म्हणायची, "कायले कोणाच्या डोळ्यात यायचं?"

शेवटी आलोच डोळ्यात. मालकीणबाईंनी एक दिवस मला जिन्यापाशी अडवलं. "इथे तुम्ही राहता, की नुसतं कुलूप राहतं?"

"राहतो की," मी म्हणाले.

"आवाज नाही, वास नाही, दोरीवर एक टॉवेल नाही. खोली अडवून ठेवायची आणि पुढे दुसऱ्याला द्यायची, असं दिसतंय. मला माणसं हवीत. महिनाअखेर मोकळी करा."

मी त्यांना दवाखान्याचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गोष्ट छान आहे," म्हणाल्या आणि वर गेल्या.

घरात येऊन मी आईला वाट्टेल ते बोलले. तुझ्या या लपण्यापायी आपण पुन्हा रस्त्यावर येणार, म्हणाले. मला तिचा संताप येत होता आणि कीवही येत होती, दोन्ही एकदमच.

रविवारी मी तिला बाहेर जाऊ दिलं नाही. दार उघडं टाकलं, कपडे बाहेर वाळत घातले, गादी पसरून ठेवली. आई भिंतीला टेकून बसली, तीही पायात चपला घालूनच. दुपारी जिन्यावर पावलं वाजली. मालकीणबाई एका नवरा-बायकोला खोली दाखवायला आणत होत्या. आई ताडकन उठली. गादी गुंडाळली, पिशवी उचलली आणि दारात गेली तर त्या समोरच.

"निघालात का?" मालकीणबाई म्हणाल्या. "बरं झालं. यांना खोली बघायचीय."

आई तिथेच थांबली. "नाही जी," म्हणाली. मागे फिरली, चपला काढल्या, गादी होती तिथे पुन्हा पसरली आणि त्या तिघांकडे पाठ करून आडवी झाली. पदर तोंडावर ओढून घेतला.

मालकीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्या दोघांना हळू आवाजात म्हणाल्या, "चला वर. घरात माणसं झोपलीयेत."

आई झोपली नव्हती. पावलं वर जाऊन थांबली, वरचं दार लागलं, तरी गादीचं टोक तिने दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवलं होतं.