वर बग गो

माझी हौसाआत्या पनवेलच्या मासळी बाजारात तीस वर्षं बसली, पण गप्प बसलेली ती मला कधी दिसली नव्हती. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करी आणि वर मूठभर जवळा फुकट देई. बोलणं हाच तिचा खरा धंदा, मासे आपले निमित्ताला.

तिच्या शेजारची जागा गंगाबाईची. दोघी उलव्याच्या पुढच्या खाडीकाठच्या एकाच गावातल्या, घरांची मधली भिंतसुद्धा एकच. २०११ साली गंगाबाईचा मुलगा कमळाकर गावकीचा निर्णय न जुमानता कोर्टात गेला आणि गावाने ते घर वाळीत टाकलं. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, जो बोलेल तोही वाळीत. आत्याच्या मुलीचं, दिपिकाचं लग्न गावातच ठरलेलं, दीड महिन्यावर आलेलं. आत्या वाळीत गेली की लग्न मोडलंच.

बाजारातल्या जागा ठरलेल्या, त्यामुळे दोघी शेजारी बसत राहिल्या, तोंडं शिवल्यासारख्या. गावच्या आणखी पाच जणी समोरच होत्या, डोळ्यांत तेल घालून. घरी गेलं तरी सुटका नाही, भिंतीपलीकडे गंगाबाई खोकली की आत्याला ऐकू येई.

"जीव गुदमरतो रं," ती मला म्हणाली. "आपल्याच घरात चोरासारकी र्‍हाते मी."

एका दुपारी गंगाबाई भाकरी खात होती, तिला ठसका लागला. सुटेचना. डोळे पांढरे व्हायला लागले.

"वर बग! गंगाबाय, वर बग गो!" आत्या ओरडली आणि तिच्या पाठीवर दणादण थापा मारायला लागली.

घास सुटला. गंगाबाईने श्वास घेतला आणि त्याच क्षणी आत्याचा अडकला. समोरच्या पाचही जणी तिच्याकडे बघत होत्या.

गावकीचं बोलावणं आलं तशी आत्या माझ्याकडे धावत आली. मी पनवेलच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, घराण्यातला शहाणा मीच. आणि खरं सांगतो, मला स्फुरण चढलं. मी तिला माकडांचा प्रयोग सांगितला. साखळी ओढली की खाणं मिळे, पण शेजारच्या पिंजऱ्यातल्या माकडाला विजेचा झटका बसे. ते दिसल्यावर काही माकडं उपाशी राहिली, साखळीला हात लावेनात. दुसऱ्याचं दुखणं समोर दिसलं की आपलं अंग हलतं. ही खोड माणूस माणूस होण्याच्या आधीची आहे, पोरांना सांभाळणाऱ्या, कळपाने राहणाऱ्या जनावरांकडून आलेली.

"म्हणजे तू बोललीच नाहीस, आत्या," मी म्हणालो. "तुझ्याकडून बोललं गेलं. तिथे एवढंच सांग."

तिने विचारलं, "मंजी मी काय केलंच नाय?"

"काहीच नाही!" मी म्हणालो, बक्षीस दिल्यासारखा.

गावकीपुढे तिने शब्द न् शब्द तसाच सांगितला. गावकीचे प्रमुख काशिरामकाका हसले. "आपोआप झालं तर झालं. एकदा सोडतो. पुना?"

आत्याने दिपिकाकडे पाहिलं. "पुना नाय व्हनार."

मी जिंकल्यासारखा घरी आलो. त्या रविवारी मोठ्या ऐटीत बाजारात गेलो, तर आत्याची जागा रिकामी. शेजारी गंगाबाई एकटी बसलेली. तिने मला ओळखलं.

"हौसा तिकडं गेली," ती म्हणाली. "बोलत नवती तरी बाजूला व्हती. मला वाटलं व्हतं, येवडी एक तरी माजी हाय."

आत्या बाजाराच्या पार टोकाला, गटाराजवळ, खांबाच्या मागे, कुणीच न घेतलेल्या जागी बसली होती. सगळ्यांकडे पाठ, पाटी भरलेली, माश्या घोंगावणाऱ्या. तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी चिडलोच. सुटलीस ना आता, मग इथे कशाला येऊन बसलीस, असं विचारलं.

तिने वर न बघता पापलेटावर पाणी शिंपडलं.

"तूच बोल्लास ना, जीवन," ती म्हणाली, "दिसलं का आपोआप व्हतं. म्हून आता दिसायलाच नको."