ओले बेलपान

१९७४च्या मार्चमध्ये अक्कलकोटच्या आमच्या शाळेत अकरावीची दानम्मा उजव्या हाताला फडके बांधून आली. मॅट्रिकला आठ दिवस उरले होते. मी फडके सोडून पाहिले. तीन बोटांच्या पेरांवर पाणी भरलेले फोड.

"दुखतं का गं?"

"लई दुखतंय, बाई," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली. "पाण्यात घातलं तरी थांबंना."

वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवून घेतले. तेव्हा तिने जे सांगितले ते असे.

तिचे वडील ईरप्पा मठाच्या वाटेवर कापूर, विभूती आणि खोबरे विकत. त्यांच्या कपाळावरचे भस्माचे पट्टे पाहून यात्रेकरू त्यांनाच आधी हात जोडत. घरात तिसरे माणूस निंगव्वा आत्या. लवकर विधवा होऊन भावाकडे आलेली. आई सिद्धम्मा, दानम्मा सात वर्षांची असताना विजापूरकडे माहेरी गेली आणि तिथेच वारली, असे साऱ्या गल्लीला ठाऊक होते.

लिंगायतांत गळ्यातले लिंग जन्मभर अंगावर असते; रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करतात. माणूस गेले की बसते करून पुरतात आणि ते लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. सिद्धम्माच्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर दोन बारीक खड्डे होते. अंगावर पिताना दानम्मा ती डबी चावायची. पुढे आईसाठी रडू लागली की आत्या म्हणायची, "तुझं दात घेऊन गेलीया ती. हातावर हाईत तिच्या." त्या एका वाक्यावर ही पोर मोठी झाली.

मॅट्रिकनंतर बाराव्या दिवशी तिचे लग्न होते, इंडीच्या एका कापडवाल्याच्या घरात. आत्याने माळ्यावरून समया काढायला सांगितल्या. समयांच्या मागे एक पितळी डबा होता आणि डब्यात ती डबी. दोन खड्डे. दानम्माने त्यावरून बोट फिरवले. डबीवर एक बेलपान होते. ओले, त्याच सकाळचे.

ईरप्पा रोज पूजेनंतर शिडी चढत. उंदराचा सापळा बघतो म्हणत.

आत्या भाकरी थापत होती. दानम्मा डबी पदराआड धरून चुलीपाशी बसली.

"आत्या, अव्वाला पुरलं तवा लिंग हातावर ठिवलंवतं न्हवं?"

"व्हय की. किती डाव सांगू?"

"कुणी ठिवलं?"

"तुझ्या बापानं. दुसरं कोन ठिवनार?"

"मग ह्ये काय?"

आत्याच्या हातातली भाकरी परातीत गळाली. तिने उठून आधी दाराला कडी घातली.

"बोंब मारू नगंस. सोयरीक मोडंल."

मग तिने सांगितले. एका सकाळी सिद्धम्मा भाकरी भाजत होती आणि घरात मांस जळल्याचा वास सुटला. तिचाच हात तव्यावर होता, आणि तिला कळत नव्हते. रक्तपिती. ईरप्पांनी अंधाराआधी तिला सोलापूरबाहेरच्या महारोग्यांच्या वसाहतीत पोचवले आणि आठवड्याने परत येऊन ती गेल्याचे खोटेच सांगितले. "लिंग तिनंच काढून दिलं. म्हनली, बोटात धरता येईना, पूजा चुकतीया. तुमी करा माझ्या नावानं. तवापासून करतोय बापडा."

"मला पण हुईल का ते?"

आत्या तिच्याकडे न बघता चुलीतली लाकडे पुढे सारू लागली. तिथेच, तिच्या समोर, दानम्माने तीन बोटे तापल्या तव्यावर टेकवली. आत्या किंचाळली. दानम्माही किंचाळली. आपल्याला दुखते आहे, हे कळून तिला रडू फुटले.

"बाई," ती मला म्हणाली, "एकदा इंडीला गेले की मला कोण येऊ देनार? लग्नाआधी मला अव्वाला बघायचंय."

मी ईरप्पांना सांगितले की परीक्षेसाठी नकाशे आणायला तिला सोलापूरला नेते. त्यांनी विश्वास ठेवला. शनिवारी रजा टाकून आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. डबी तिच्या पोलक्यात होती.

वसाहतीतल्या परिचारिकेने नाव ऐकून रजिस्टर उघडलेही नाही. "सिद्धम्मा? ती चार वर्षांपूर्वीच बरी झालीय. घरी पत्र घातलं होतं आम्ही. कोणी आलं नाही."

दानम्माने माझा दंड धरला. भाजलेल्याच हाताने.

लिंबाखाली एक बाई सुपातली ज्वारी तळहातांनी पसरत होती. बोटे बहुतेक नव्हतीच.

"कुणाची गं तू?"

दानम्माने डबी पुढे केली. सिद्धम्माने ती दोन्ही तळव्यांत धरली. पण हाताला काही कळत नव्हते, म्हणून ओठांना लावली. खड्डे सापडले तशी तिने मान वर करून दानम्माकडे पाहिले.

"ह्ये का आनलंस? त्ये पूजा करत्यात न्हवं?"

"रोज करत्यात."

"मग माघारी ठिव. लगीनाची दिसतीस. मी मेल्यालीच बरी हाय, दानी."

"मी तव्यावर हात ठिवला, अव्वा. लई दुखतंय मला."

सिद्धम्माने तिचा हात ओढून घेतला आणि फोडांवर फुंकर घालत राहिली.

मग दानम्माने डबीतले लिंग काढून आईच्या डाव्या तळव्यावर ठेवले. ते घरंगळू लागले. दानम्माने खालून आपला हात लावला आणि धरून ठेवला. पाणी मी घातले. पूजा झाल्यावर दानम्माने डबी आईच्या गळ्यात बांधली.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा ईरप्पा शिडीशी बसले होते. हातात सकाळचे बेलपान, आता सुकलेले.

"दानी, डबी कुटं हाय?"

"जिची तिला दिली. अप्पा, चार वर्सांमागं पत्र आलंवतं न्हवं?"

"तुझं लगीन झालं की आननारच हुतो."

"चार वर्सं ह्येच म्हनतोय ह्यो," आत्या आतून म्हणाली.

ईरप्पांनी माझ्याकडे पाहिले, मग दाराबाहेर, कोणी ऐकते का म्हणून. "इंडीच्या मंडळींना आता काय सांगू?"

"मी लिवलंय त्यांना सगळं. सोलापूरच्या पोस्टातनं."

ते कार्ड मीच तिला विकत घेऊन दिले होते. त्या माणसाची मान खाली गेली तेव्हा माझ्याने तिथे उभे राहवेना.

लग्न मोडले. महिन्याभरात दुकानाच्या फळ्या दुपारीच लागू लागल्या. त्यांच्या हातची विभूती कोणी घेईना. दानम्माने फोडांच्या हाताने पेपर लिहिले, पास झाली, आणि ट्रंक घेऊन वसाहतीत गेली. तिथल्या दवाखान्यात ती जखमा बांधायला शिकली. आईला घरी आणण्यासाठी तिने दोनदा वडिलांकडे निरोप धाडला. उत्तर आले नाही.

पण दर सोमवारी पहिल्या एसटीने ईरप्पा येत. फाटकावर पहारेकऱ्याच्या हातात बेलाची जुडी देत आणि त्याच गाडीने परत फिरत. आत कधी पाऊल टाकले नाही.

एका सोमवारी मी तिथे होते. सिद्धम्मा तळवा पुढे करून बसली होती, खाली दानम्माचा हात.

"आलते का त्ये?"

"येऊन गेले, अव्वा," दानम्मा म्हणाली आणि लिंगावर पान ठेवले.