जांभळीखाली मी नव्हते

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. घरातल्या दोघींना आता ठाऊक आहे, पण त्यांनाही गेल्या हिवाळ्यात कळलं. त्याआधी इतकी वर्षं — कुणालाच नाही. माझे यजमान गेले, त्यांनाही मी कधी सांगितलं नाही. तुम्ही माझं ग्रहणांवरचं पुस्तक वाचलं असेल, तर तुमच्याशी मी पहिल्याच पानावर खोटं बोलले आहे. वाचलं नसेल, तरी बसा जरा.

मी विज्ञानाची सोपी पुस्तकं लिहिते. तारे, ग्रहणं, अवकाशात पहिल्यांदा गेलेली माणसं, ध्रुवाकडे बर्फ तुडवत निघालेली माणसं, कुणी पाऊल टाकलं नव्हतं तिथे आधी जाऊन चूल मांडणारी माणसं. मोठी लेखिका वगैरे नाही. पण सांगलीत माझं छोटं घर आहे, खिडकीशी टेबल आहे, आणि दुपारच्या चहानंतर लिहायला बसले की संध्याकाळ कधी होते कळत नाही. मी सुखी बाई आहे. हे आधीच सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, मनाला कुरतडलं म्हणून लिहितेय. तसं नाही. वर्षानुवर्षं मला छान झोप लागली — हाच खरं तर यातला वाईट भाग आहे.

लोणंदपासून जतपर्यंत शाळा मला बोलावतात. आणि सगळीकडे एकच फर्माईश होते — बाई, ते जांभळीचं सांगा!

ते जांभळीचं असं. कोयनानगरच्या वसाहतीत राहणारी एक लहान मुलगी. वडील पॉवरहाऊसमध्ये कामाला. माघातल्या एका दुपारी सूर्यग्रहण लागतं. सगळ्या वसाहतीची दारं-खिडक्या बंद. आई देवापुढे जप करत बसलेली. आणि ही मुलगी मोरीच्या दारातून गुपचूप बाहेर पडते. सूर्याकडे बघायचं नाही, एवढं तिला शाळेत कळलेलं असतं. म्हणून ती जांभळीखाली जाऊन जमिनीकडे बघते. पानांतून पडणारे कवडसे नेहमी गोल असतात — आज ते चंद्राच्या कोरीसारखे झालेले. शेकडो कोरी. मातीवर, तिच्या फ्रॉकवर, तिच्या तळहातावर. उजेड जुन्या पितळेसारखा. ती बोटांवर बोटं आडवी धरते, तर बोटांच्या फटींतूनही कोरीच पडतात. तिला भीती वाटत नाही. ती हसते.

'ती मुलगी मी,' असं पुस्तकात लिहिलं आहे.

ती मुलगी मी नव्हते.

ती माझी थोरली बहीण, शालन. मी तिला अक्का म्हणते. तेव्हा मी कुठे होते? घरात. गोधडीखाली, कानात बोटं घालून. दोघींनी जायचं ठरलं होतं. अक्कानं मोरीचं दार उघडलं, मला खूण केली, आणि माझे पायच उचलेनात. ती क्षणभर थांबली आणि एकटी गेली.

तिनं काय पाहिलं ते मला कसं कळलं, असं विचाराल. तिनंच सांगितलं. मार खाल्ल्यानंतर, गाल लाल झालेले असताना, हातवारे करून सांगितलं. 'विजे, तू याय पायजे हुतंस गं!' एवढंच म्हणाली. चिडली नाही.

मार कशाबद्दल, ते राहिलं. आईनं विचारलं, शालन कुठाय? मी घाबरले आणि मोरीच्या दाराकडे बोट केलं. आई धावत बाहेर गेली आणि तिला दंडाला धरून आणलं. संध्याकाळी वडील, आमचे अण्णा, कामावरून आले, त्यांना कळलं. वसाहतीतल्या बायकांनाही कळलं. त्यात दोन-चार दिवसांनी भुईनं एकदा अंग झटकलं — कोयनेत त्याचं कुणाला काही वाटत नाही, भांडी वाजतात आणि थांबतात. पण यावेळी आईनं अक्काकडे बघितलं. नुसतं बघितलं. अक्कानं मान खाली घातली.

आता खरं सांगायचं ते असं. आमचे मामा साताऱ्याला राहायचे. दोघींतल्या एकीला शिकायला ठेवून घेतो, म्हणाले होते. एकीलाच, त्यांचंही घर लहान. अक्का वर्गात पहिली यायची. तीच जाणार हे उघड होतं. तिच्यासाठी नवीन पेटीसुद्धा आणली होती, पत्र्याची, निळी. मग हे ग्रहण झालं. अण्णा म्हणाले, 'जी घरात ऐकत न्हाई ती दुसऱ्याच्या घरात काय ऐकणार? धाकटीला धाडू.'

मी गेले. निळी पेटी घेऊन गेले. साताऱ्याच्या शाळेत मोठं वाचनालय होतं. तिथे मी ग्रहमालेचं पहिलं पुस्तक हातात घेतलं, आणि त्या शाळेतून कॉलेज, कॉलेजातून नोकरी, नोकरीतून लिहिणं. अक्का कोयनेतच जमलं तेवढं शिकली आणि लग्न होऊन कुंडलला गेली. दाजी फौजेत. ते सीमेवर असताना तिनं एकटीनं ऊस सांभाळला, द्राक्षं लावली, दीर-जावांची भांडणं मिटवली, दोन पोरांना वाढवलं. आता दाजी घरी असतात आणि ती त्यांना भर अंगणात सगळ्यांदेखत हुकूम सोडते. तिचं वाईट झालं, असं मी म्हणणार नाही. तिची कीव करणारी मी कोण? पण तिचं चांगलं झालं म्हणून माझं काही माफ होतं, असंही नाही.

पुस्तक लिहिलं तेव्हा पहिलं प्रकरण कोरडं झालं होतं. प्रकाशक म्हणाले, तुमचं स्वतःचं काहीतरी घाला. मी जांभळीचं लिहिलं. आधी 'माझी बहीण' असंच लिहिलं होतं — खरंच. मग एकदा वाचून पाहिलं, आणि वाटलं, यात मी कुठे आहे? गोधडीत. ग्रहणांवर लिहिणारी बाई ग्रहणात गोधडीत? 'बहीण' खोडलं, 'मी' घातलं. इतकं सोपं असतं ते. पुढे क्रियापदंसुद्धा आपोआप बसत गेली.

पुस्तक कुंडलला पाठवलं नाही. अक्का म्हणायची, 'आमाला कुठला येळ वाचायला,' आणि मी ते सोयीनं खरं धरलं. पण गेल्या हिवाळ्यात तिची नात ईश्वरी — आठवीत आहे, तोंडाळ आहे, अक्कावर गेलीय — तिच्या शाळेच्या वाचनालयातून नेमकं तेच घेऊन आली. मी तेव्हा कुंडललाच होते. दुपारची जेवणं झाली होती. आम्ही सोप्यात बसलो होतो, अक्का पावटे सोलत होती, दाजी कलंडले होते. ईश्वरीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

मी तिला थांबवू शकले असते. पाणी आण म्हणू शकले असते. मी पावट्याची एक शेंग हातात धरून बसले. मोरीचं दार, जांभूळ, कोरी, पितळेचा उजेड. पोरगी झकास वाचत होती. अक्काचे हात चालूच होते. माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

वाचून झाल्यावर ईश्वरी म्हणाली, 'आज्जी, तवा तूबी हुतीस की गं तितं! तू काय करत हुतीस?'

अक्का म्हणाली, 'मी? मी व्हय? गोधडीत हुते. कानात बोटं घालून.'

दाजी झोपेतच हसले. ईश्वरी तर गडबडा लोळली. 'आज्जी भित्री! साऱ्या गावाला दरडावती आणि ग्रहणाला भ्याली!' अक्कापण हसली. आणि मी — मी काय केलं असेल? तुम्हाला काय वाटतं? मीही हसले. तिनं माझी जागा घेतली, माझी गोधडी अंगावर ओढली, आणि मी ती तिला घेऊ दिली. या खेपेला मी लहान नव्हते. घाबरायला तिथे काही नव्हतं. समोर सोललेले पावटे होते आणि माझी बहीण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती द्राक्षाच्या बागेत निघाली तशी मी मागं गेले. बांधावर तिला म्हटलं, 'अक्का, ते पुस्तकातलं—'

'मला ठावं हाय,' ती म्हणाली. 'लय दिस झालं. तुज्या पुस्तकाचं पेपरात आलं हुतं, तवा पोरानं वाचून दावलं हुतं.'

'मग बोलली का नाहीस?'

'काय बोलायचं? तू लिवलंस झ्याक. मी सांगितल्यापरीस झ्याक.' मग वेलीचा एक शेंडा खुडत म्हणाली, 'काल ती पोरगी मला भित्री म्हणली. त्ये मातर जरा लागलं बग.'

एवढंच तिला लागलं होतं. पुस्तक नाही, सातारा नाही. नातीनं भित्री म्हटलेलं.

मग मी तिला तेही सांगितलं, की आईला मीच सांगितलं होतं. आईनं विचारलं आणि घाबरून बोलून गेले. अक्का म्हणाली, 'त्येबी ठावं हाय. दुसरं हुतंच कोण घरात? आगं, ल्हान हुतीस. आईनं ईचारल्यावर काय करशील?' आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मातीचा हात, साडीवर पाची बोटं उठली. मला इतकं हलकं वाटलं! बागेतून घरी येताना मी गाणं गुणगुणत होते. खरंच. कोवळं ऊन होतं, पोटात भूक होती, आणि माझ्या बहिणीनं मला माफ केलं होतं.

ईश्वरीला खरं सांगायचं मी अक्काला बांधावरच कबूल केलं होतं. संध्याकाळच्या चहाला तिला समोर बसवलं आणि सांगितलं — जांभळीखाली तुझी आजी होती, गोधडीत मी होते, पुस्तकात मी खोटं लिहिलं. पोरगी सरळ अक्काकडे वळली. 'आज्जी, कसं दिसत हुतं? तू सांग.'

अक्कानं सांगितलं. बशी बाजूला ठेवली, बोटांवर बोटं आडवी धरली. आमच्या वसाहतीत तिनं ज्या जोशात सांगितलं होतं त्याच जोशात सांगितलं. ईश्वरी तिच्याच तोंडाकडे बघत होती, आणि मीही. किती बरं वाटलं मला ते ऐकताना! पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे, त्यात ते प्रकरण मी तिच्या शब्दांत, तिच्या नावानं लिहिलं आहे. जांभळीखालची मुलगी आता शालन आहे. इथेच थांबता आलं असतं. थांबले असते तर तुम्हीही मला माफ केलं असतं, नाही का?

पण सांगता सांगता अक्का म्हणाली, 'मी काय कच्ची न्हवते. मागल्या खोलीत हातरुणात उशी ठिवली, वर गोधडी घातली आन् मग गेले. आईला वाटावं, शालन झोपलीय.'

ईश्वरी माझ्याकडे वळली. 'आवं आज्जी, मग पणजीनं ईचारलं कसं, शालन कुटाय म्हणून? तिला तर वाटत आसंल, झोपलीय.'

अक्का माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच.

वर मी तुम्हाला लिहिलंय ना, आईनं विचारलं म्हणून? अक्कालाही बांधावर तेच सांगितलं होतं. स्वतःला तर इतक्यांदा सांगितलं होतं, की आईचा आवाजसुद्धा ऐकू यायचा. आईनं विचारलं नव्हतं. आई जप करत होती, तिचे डोळे मिटलेले होते. मी गोधडीतून उठले, कानातली बोटं काढली, देवापुढे गेले, तिच्या खांद्याला हात लावून तिला हलवलं, आणि सांगितलं. चहाच्या बशा समोर असताना मी त्या दोघींना हे कबूल केलं.

'मग कशाला सांगितलं?' ईश्वरीनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

मी म्हणाले, 'मला साताऱ्याला जायचं होतं.'

अक्कानं बशी उचलली. गार झालेला चहा एका घोटात संपवला. बशी खाली ठेवली, आणि अगदी साध्या आवाजात, जणू बाजाराचं बोलावं तशी म्हणाली, 'मलाबी जायचं हुतं गं.'

तिला जायचं होतं. ते मला तेव्हाही ठाऊक होतं.