नोराचा चहा

२०२१च्या उन्हाळ्यात ॲथलोनमधल्या एका कॅफेने आमच्या वर्गातल्या नोराला टेबल नाकारलं. नोरा ट्रॅव्हलर, म्हणजे आयर्लंडमधल्या पिढ्यानपिढ्या भटक्या समाजातली. सॅनिटायझरचा वास आला की मला अजून तो दरवाजा आठवतो. तिथल्या बाटलीपाशीच मॅनेजरने तिला अडवून "सगळं बुक आहे" असं सांगितलं होतं. बाहेरची निम्मी टेबलं रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच वर्गमित्र तिथे गेलो. आम्हाला लगेच टेबल मिळालं.

"आपल्याला बसवलं, आणि जिचं हे गाव तिला नाही," नागपूरचा निखिल मराठीत पुटपुटला.

"हळू बोल. आपण व्हिसावर आहोत," मी म्हणाले.

ठरल्याप्रमाणे नोरा आली आणि आमच्यात बसली. आम्ही सहा चहा मागवले. मॅनेजर ट्रे घेऊन आला, पण त्यात पाचच कप होते.

"हिला जावं लागेल," तो आम्हाला म्हणाला.

"मी चहा प्यायला आलेय, कॅफे उचलून न्यायला नाही," नोरा म्हणाली.

त्याने पोलिसांना फोन लावला. आम्ही कुणीच कपाला हात लावला नाही. तेव्हा माझं सगळं लक्ष रस्त्याच्या वळणाकडे होतं. आज आठवतात ते नोराचे हात, टेबलाची कड घट्ट धरलेले.

पोलीस आला, तेव्हा मॅनेजरने फक्त नोराकडे बोट दाखवलं. पाचही कप गार झाले होते. नोरा खुर्चीतून उठली नव्हती.