कानाचा वास घेणारे डॉक्टर

कुठलंही जनावर पुढ्यात आलं, की आमचे डॉक्टर आधी खाली वाकून त्याच्या कानाचा वास घ्यायचे. मग मानेचा, मग पाठीचा. बैल असो नाहीतर शेळी. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, पण डॉक्टरांचं तिकडं लक्षच नसायचं. मालक घाईघाईनं दुखणं सांगायला लागला, की ते एक हात वर करायचे. म्हणायचे, "थांबा, आधी बघू द्या."

बघायचं म्हणजे आधी नाकानं बघायचं, हे आम्हाला हळूहळू कळलं.

बहात्तरच्या दुष्काळात घाटावरच्या कर्जतजवळच्या माळावर जनावरांची छावणी पडली होती. मी तिथं चारावाटपावर कारकून होतो. डॉक्टर तालुक्याच्या दवाखान्यातून फटफटीवर यायचे. उंच, हडकुळे, शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. माणूस भलता रागीट. बैलाच्या खांद्यावरची जखम लपवून ठेवणाऱ्या एकाला त्यांनी सगळ्यांदेखत असं झापलं, की तो बिचारा तोंड चुकवत फिरायला लागला. आणि त्याच संध्याकाळी त्याच बैलाच्या जखमेतल्या अळ्या काढता काढता ते त्याच्याशी कांद्याच्या रोपांबद्दल गप्पा मारत बसले होते. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांचा राग कधी संपला आणि माया कधी सुरू झाली, ते समोरच्याला कळत नाही.

चाऱ्याच्या गंजीमागं एक तांबडी कुत्री व्याली होती. चार पिल्लं. शेजारीच सोपान नावाच्या शेतकऱ्याची खोप होती. त्याची बायको चंद्रभागा आपल्या भाकरीतला तुकडा कुत्रीला घालायची. पिल्लं डोळे उघडून खेळायला लागली, आणि त्यांना खाज सुटली. आधी कानांच्या कडा गेल्या, मग कोपरं, मग पोट. केस झडून खालची कातडी राखेच्या रंगाची, जाड झाली. मागच्या पायानं अंग खरवडता खरवडता पिल्लू कोलमडायचं, आणि कोलमडल्यावरही त्याचा पाय हलतच राहायचा.

मग सोपानच्या हातांवर पुरळ उठलं. छावणीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, ही खरूज आता बैलांना लागणार. ज्यांच्याकडं दावणीला बांधलेल्या जनावरांखेरीज काही उरलं नव्हतं, त्यांच्या मनात ते घट्ट बसलं. त्यातच शेजारच्या गावात पिसाळलेलं कुत्रं एकाला चावल्याची बातमी आली. लोक गंजीकडं जाताना हातात काठी घेऊ लागले.

एका सकाळी आरडाओरडा ऐकून मी धावलो. पिल्लं तडफडत होती. मान मागं ओढलेली, पाय ताठ, तोंडाला फेस. भोवती माणसांचं कडं. मधे कुत्री दात विचकून उभी.

"पिसाळली! सरका, लांब सरका!"

"मारा आदी, मंग काय बगायचं ते बगा!"

एकानं कुऱ्हाडीचा दांडा उचलला होता. तेवढ्यात फटफटी आली. डॉक्टरांनी ती नीट उभीही केली नाही, जवळजवळ टाकूनच दिली, आणि ते सरळ कड्यात शिरले.

"थांबा, आधी बघू द्या."

"डाक्टर, चावंल!"

त्यांनी हाताला टॉवेल गुंडाळला, एक पिल्लू मानेला धरून उचललं आणि त्याच्या पाठीचा वास घेतला. मी शेजारीच होतो. ते फेसाळलेलं तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभरही लांब नव्हतं. मग डॉक्टर ताठ उभे राहिले.

"पावडर कोणी टाकली?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

"गोचिडांची पावडर. बैलांना लावता ती. कोणी टाकली?"

"पावडर कसली? पिसाळलीयात ती," दांडेवाला म्हणाला.

आता डॉक्टर भडकणार, असं मला वाटलं. पण त्यांचा आवाज उलट खाली आला. "पिसाळली असतील तर माझ्या हातात काही नाही. पावडर असेल तर यातली काही वाचतील. मला कुणाशी भांडायचं नाही. पण आत्ता सांगा."

सोपान पुढं आला. "म्या टाकली. खाज मोडंल म्हनून. लई खरवडत हुती वो."

"पिल्लं अंग चाटतात, सोपानराव. बैलाच्या पाठीवर जे चालतं, ते यांच्या पोटात गेलं."

चंद्रभागा कुणाकडून तरी वाटीभर दूध घेऊन आली होती. ती पुढं वाकली तसे डॉक्टर ओरडलेच, "दूध नको! तूप नको, तेल नको. त्यानं हे विष अंगात आणखी भिनतं. पाणी आणा. साबण आणा."

पण पाणी होतं कुठं? टँकर आदल्या दिवसापासून आला नव्हता.

"मानसाला प्यायला न्हाई, आन् कुत्र्याला आंगूळ?" मागून कुणीतरी म्हणालं. तेही चूक नव्हतं. फटफटीला अडकवलेली आपली पाण्याची बाटली आणून डॉक्टरांनी ती पिल्लावर ओतली. तेवढ्यानं पाठसुद्धा धड भिजली नाही.

सोपान वळला. खोपीत जाऊन बैलांसाठी राखून ठेवलेली बादली घेऊन आला. दोन्ही बैलांच्या माना बादलीबरोबर वळल्या. त्यांच्याकडं न बघता त्यानं ती डॉक्टरांपुढं ठेवली.

मी पिल्लं गोणपाटानं धरत होतो, डॉक्टर साबण चोळत होते. मग त्यांनी बारीक सुईनं पिल्लं शांत करायचं इंजेक्शन दिलं, वर पोतं धरून अंधार केला. "आता आवाज नको. आवाजानं पुन्हा झटके येतात." मघाशी आरडाओरडा करणारी ती माणसं माळावर बसली आणि कुजबुजत बोलू लागली. दुपारपर्यंत दोन पिल्लं गेली. उरलेल्या दोघांचे झटके मंदावत गेले. त्यातल्या एकीनं मान उचलली तशी चंद्रभागा हुंदका देऊन रडायला लागली.

"रडू नका बाई, ती दचकेल," डॉक्टर खेकसले. त्यांचेही डोळे लाल झाले होते, पण साबणानं झाले असतील.

पुढच्या खेपेला त्यांनी दवाखान्यातला सूक्ष्मदर्शक फटफटीला बांधून आणला. पिल्लाच्या कानाची कड रक्त दिसेपर्यंत पात्यानं खरवडली, ते काचेवर घेतलं आणि सगळ्यांना ओळीनं बघायला लावलं. दांडेवाला डोळा लावून दचकलाच. "आरं, हे तर चालतंय की!"

"हा किडा कातडीत बीळ करून राहतो. म्हणून खाज. पण हा कुत्र्याचा आहे. माणसाच्या अंगावर थोडे दिवस वळवळतो आणि मरतो. बैलांची खरूज वेगळी." मग सगळ्यांकडं बघत म्हणाले, "आणि पिल्लाचे केस दर वेळी यानंच जातात असं नाही. कधी पिसवा असतात, कधी गजकर्ण, कधी पोटात जंत, कधी नुसती उपासमार. न बघता औषध लावायचं नाही."

गंधकाची पूड करंजाच्या तेलात खलून त्यांनी चंद्रभागेच्या हाती दिली. एकदम सगळ्या अंगाला लावायचं नाही. आज निम्मं, उद्या निम्मं. कुत्रीलाही लावायचं, नाहीतर तिची खरूज पुन्हा पिल्लांना लागेल. पिल्लांच्या अंगाखालची पोती जाळून टाकायची. सोपानच्या हातांसाठी त्यांनी त्याला माणसांच्या दवाखान्यात पिटाळलं. खाज थांबली तरी औषध थांबवायचं नाही, हे ते येतील तेव्हा बजावायचे. चंद्रभागेनं आठवड्यामागून आठवडे ते नेमानं केलं. पुढं कातडी मऊ पडली आणि तिच्यावर बारीक लव दिसायला लागली.

पाऊसपाणी झालं, छावणी मोडली. दोन पिल्लांतलं एक टँकरवाल्यानं नेलं. दुसरी, ती मान उचलणारी, सोपानकडं राहिली. मी कर्जतला कचेरीत लागलो.

दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी सोपान आणि चंद्रभागा रस्त्यात भेटले. सोपानच्या हातात दोरी, दोरीला कुत्री. तांबूस, दाट, उन्हात चमकणारे केस. मी ओळखलंच नाही.

"डाक्टरांकडं चाललो," चंद्रभागा म्हणाली. मीही सोबत गेलो.

दवाखान्यात डॉक्टरांच्या खुर्चीवर एक तरुण गृहस्थ बसले होते. डॉक्टरांची बदली कोकणात झाली होती. जाताना त्यांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

"काय त्रास आहे हिला?" नव्या डॉक्टरांनी विचारलं.

सोपाननं कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला.

"तरास काय न्हाई," तो म्हणाला. "निस्ती दावाया आनली हुती."