ताईचा अंगठा आणि जुना व्हिडिओ गेम

मंडळी, आज सकाळी बेसा भागात ताईकडे गेलो होतो. आत्ताच घरी आलोय, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या या मोठ्या बहिणीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात अजून नीट चालत नाही. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू ती हातात धरत नाही. "काहून दाबू? काही फरक पडत नाही," म्हणते.

ऐंशीच्या दशकात आम्ही महाल या जुन्या वस्तीत राहायचो, तेव्हा मामांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. ताई तो कोणाच्या हाती लागू द्यायची नाही. ते मशीन केव्हाच भंगारात गेलं. पण इम्युलेटर नावाच्या सॉफ्टवेअरवर असे जुने गेम कॉम्प्युटरवर चालतात, म्हणून काल तोच गेम लॅपटॉपवर टाकला.

आज कंट्रोलर तिच्या हातात दिला. उडीचं बटण उजव्या अंगठ्याखाली. गेममधला तिचा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडला. सात-आठ वेळा पडला, पण तिनं कंट्रोलर खाली ठेवला नाही. मग एकदा अंगठा वेळेवर दाबला गेला आणि तो पलीकडे पोचला.

मी घाईनं म्हणालो, "ताई, इथंच सेव्ह करतो. पुन्हा पडलीस तर इथूनच सुरू होईल."

"राहू दे गा," ती म्हणाली. "मले पहिल्यापासून खेळू दे. अंगठा चालून राहिला माझा."

चहा ठेवायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेलो आणि जरा वेळ तिथंच थांबलो.

तुम्ही त्या काळी कोणते गेम खेळायचात? नावं सांगा. शनिवारी पुन्हा जायचंय.